नमुन्याचे रिपोर्ट

"केदार, हा फोल्डर वर कसा गेला?"

मी विचारलं तेव्हा केदार डब्यातली इडली खात होता. त्याने माझी स्क्रीन बघितली आणि डबा बंद केला.

नौपाड्यातलं आमचं ऑफिस पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतं. कल्याणच्या एका लॅबमध्ये मराठी नावं छापताना जोडाक्षरं फुटत होती. तपासायला काहीतरी हवं म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पेशंटचे थोडे खरे रिपोर्ट दिले होते. ते केदारच्या लॅपटॉपवर 'नमुने' नावाच्या फोल्डरमध्ये होते आणि तिथेच राहायला हवे होते. आता ते गिटवर होते.

गिट म्हणजे कोडचं सामाईक कपाट. प्रत्येकजण आपलं काम त्यात ठेवतो, दुसऱ्याचं त्यातून घेतो. काय ठेवायचं नाही ते इग्नोर फाइलमध्ये लिहिलेलं असतं: पासवर्ड, काम चालताना आपोआप तयार होणाऱ्या कचरा फायली आणि आमच्याकडे 'नमुने'. कचऱ्याचे प्रकार सारखे बदलतात, म्हणून ही फाइल अपडेट ठेवायला एक टूल लावलंय. ते दर आठवड्याला बाहेरून ताजी यादी आणतं आणि फाइलमधला स्वतःचा भाग नव्याने लिहितं. त्या भागाच्या वर आणि खाली खुणेची ओळ असते. आपलं काही लिहायचं तर खुणेच्या बाहेर. आतलं सगळं टूल पुसतं.

केदारने 'नमुने' आत लिहिलं होतं.

"आत कशाला?"

"सगळं एकत्र असलं की नीट दिसतं गं."

"आणि टूलने ती ओळ उडवली, तेव्हा तुझ्याकडे अप्रूव्हलला आलं नाही?"

"आलेलं. पण ऑटोवालं होतं ना ते. ऑटोवालं कोण वाचतं?"

कुणीच वाचत नव्हतं. टूलचा बदल आला की चहा पितापिता हिरवं बटण दाबायचं, ही आमची पद्धत. मग केदारने सवयीप्रमाणे सगळं काम एकगठ्ठा वर ढकललं, त्यात 'नमुने'ही गेले. मला असा संताप आला की बोलले असते तर भांडण झालं असतं. म्हणून काय काय पुसावं लागेल ते बघायला लागले.

फोल्डर नुसता डिलीट करून भागत नाही. गिट जुनं सगळं जपून ठेवतं. मागचा इतिहास खरवडून काढावा लागतो, आणि ज्याने ज्याने कॉपी घेतली त्याची कॉपी पुसावी लागते. कॉपी घेणारे आम्ही दोघं, आणि प्रीतम.

प्रीतम मोहन्याचा. लॅबचे कॉम्प्युटर तो सांभाळतो. रोज सकाळी आमचं नवं व्हर्जन उतरवून लॅबच्या मशीनवर टाकतो. लॅबमधले रिपोर्ट मात्र बाईंच्या पासवर्डशिवाय उघडत नाहीत, त्यालाही नाही. 'नमुने'मधल्या फायलींना पासवर्ड नव्हता. आणि पेशंट सगळे मोहने, टिटवाळा असे आसपासचेच. कुणी ना कुणी त्याच्या ओळखीचं निघणारच.

आमचे सर केबिनमधून बाहेर आले. "बाईंना आत्ताच सांगायला हवं का? आधी पुसून टाकू, मग बघू."

"आत्ताच, सर. पेशंट त्यांचे आहेत."

मी तिथेच उभं राहून बाईंना फोन लावला. त्या ऐकून एवढंच म्हणाल्या, "प्रीतमने उतरवलंय का, ते आधी बघा."

आता त्याला सांगायचं काय? फोल्डरचं नाव घेतलं तर माणूस पहिला तोच उघडतो.

"प्रीतम, आजचं व्हर्जन बिघडलंय. घेतलंस का?"

"हो मॅडम, सकाळीच."

"काही उघडू नकोस. मी येतेय."

"या," म्हणाला. एरवी हा माणूस प्रश्न विचारून जीव खातो. आज एकही नाही. केदारला इतिहास साफ करायला बसवून मी निघाले.

लॅबच्या मागच्या खोलीत प्रीतम एकटाच होता. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"डिलीट केलंय. ट्रॅश पण रिकामी केलीय. बघून घ्या."

मी सगळं तपासलं. काही शिल्लक नव्हतं. माझ्या जिवात जीव आला.

"थँक्यू रे. काही बघितलं नाहीस ना?"

"उतरवताना फायलींची नावं येतात ना मॅडम स्क्रीनवर. एक नाव माझ्या बहिणीचं होतं."

"उघडलीस?"

"तुमचा फोन यायच्या आधीच." तो माझ्याकडे बघत नव्हता. "टीबी आहे तिला. घरी कुणाला बोललेली नाय. लग्न ठरलंय तिचं." मग म्हणाला, "या लॅबमध्ये रिपोर्ट कुणाला दिसत नाय, हे मीच तिला सांगितलेलं."

मी सॉरी म्हटलं. त्याने मान हलवली आणि लॅपटॉप बंद केला.

प्रीतमने काय उघडलं ते मी बाईंना सांगितलं. त्यांनी फोल्डरमधल्या प्रत्येक पेशंटला स्वतः फोन करून झालं ते सांगितलं. प्रीतमच्या बहिणीलाही. तिची औषधं नीट चालू आहेत, पण भावाशी ती बोलत नाही, असं बाईंकडून नंतर कळलं.

टूल अजून चालू आहे. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. त्याचे बदल आता आम्ही दोघं ओळ न ओळ वाचतो. तपासायला खरे रिपोर्ट मात्र कुणाकडेच मागत नाही. खोटे रिपोर्ट आम्हीच बनवले, अवघड जोडाक्षरांची खोटी नावं घालून. त्याला एक दुपार पुरली.