कंसवाल्या बाई

कंसवाल्या बाईंइतकं आळशी माणूस मी पाहिलेलं नाही, असं त्या राणीसावरगावच्या आमच्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा मी बोलून बसलो होतो. "तेच तेच दुसऱ्यांदा लिहायला मला जमत न्हाई, सर," असं त्या खुशाल सांगायच्या. दाखल्याचा मजकूर वर्डमध्ये एकदाच लिहायचा, नाव, इयत्ता, गाव यांच्या जागी नुसते महिरपी कंस ठेवायचे आणि बाकीचं स्वतः लिहिलेल्या कोडवर सोपवायचं. कोड हजेरीच्या यादीतलं एकेक पोर उचलून कंसात बसवायचा. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं.

आई-बापासोबत ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांची शिक्षण हमी कार्डं मी हाताने लिहायचो. माझं अक्षर वळणदार ना! ते कार्ड दाखवलं की कारखान्याकडच्या शाळेत पोराला बसू देतात. त्या वर्षी ट्रक एक दिवस आधीच आले. पोरं गाठोड्यांवर बसलेली आणि माझी निम्मी कार्डंही झालेली नाहीत. "सरका सर," म्हणत बाईंनी लॅपटॉप उघडला. कार्डाचा मजकूरही त्यांनी तसाच कंस घालून तयार ठेवला होता. एक बटण दाबलं आणि प्रिंटर धडाधड कार्डं टाकू लागला. प्रत्येकावर वेगळं नाव, कुठे काना-मात्रा चुकलेली नाही. मी आ वासून बघत राहिलो.

रंजनाची आई मात्र कार्ड घेईना. नवरा घर सोडून गेलेला. "गेल्या साली बापाच्या नावापुढं रेघ बघून तिकडच्या सरानं भर वर्गात इचारलं, बाप कुठंय? तवापासून लेकरू शाळंचं नाव घेईना. ऱ्हाऊ द्या ते."

"वाच गं," बाई रंजनाला म्हणाल्या. तिने वाचलं. तिचं नाव, आईचं नाव, इयत्ता, गाव. वडिलांची ओळच नव्हती. खालचा मजकूर गुमान वर सरकला होता.

"यादीत नाव नसलं तर ती ओळच येऊ द्यायची न्हाई, असं कोडात लिहून ठेवलंय," बाई मला म्हणाल्या. "पोरीनं रेघ कशाला मिरवायची?"

यंत्राला इतकी माया शिकवता येते, हे मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले.

बाई आता पालमला बदलून गेल्या आहेत. त्यांचा विषय निघाला की मला आठवतो तो ट्रक गेल्यानंतर काही दिवसांनी आलेला फोन. बाईंनी तो माझ्या कानाला लावला. पलीकडे रंजनाची आई होती.

"सरानं कार्ड वाचलं, अन् म्हणले, बस. काईच इचारलं न्हाई, बाई. काईच न्हाई."