मुकी गाडी

यवतेश्वराचा घाट साताऱ्याच्या बाजूला जिथे संपतो, तिथे एका मेकॅनिकची टपरी आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तोही मला नुसतं 'मास्तर' म्हणतो. काम करताना त्याची मान खाली, पण कान घाटाकडे. वळणामागची गाडी दिसायच्या आधीच ती कुठल्या गिअरमध्ये आहे ते तो पुटपुटतो. समोरच्या गिऱ्हाइकाचं बोलणं मात्र त्याला दोनदा सांगितल्याशिवाय कळत नाही.

वरच्या गावातल्या शाळेतून मी रोज मोटरसायकलचं इंजिन बंद करून उतरायचो. पेट्रोल वाचतं म्हणून आमच्याकडे बरेच जण तसेच उतरतात. एका रविवारी कासची फुलं बघून येताना मागे बायको होती. टपरीपाशी तो हातात पाना घेऊन रस्त्यात आडवा उभा राहिला.

"मास्तर, गाडी मुकी उतरली."

मी हसलो. तो हसला नाही. बायकोला म्हणाला, "वैनी, मागच्या चाकाजवळ हात न्या. लावू नगा, नुसता जवळ न्या."

तिने हात नेला आणि झटकन मागे घेतला. ब्रेकचा ड्रम तव्यासारखा तापला होता.

"आज दोघांचं वजन हाय. आजून दोन वळणं असती, तर ह्यो ब्रेक लागलाच नसता. दुसऱ्या गिअरात उतरा. उताराला गाडी इंजिन धरतंय."

बायकोने घरापर्यंत माझा खांदा घट्ट धरून ठेवला.

आता मी दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत उतरतो. टपरी आली की त्याच्याकडे बघतो. तो मान वर करत नाही, आणि मला घरी पोचल्यासारखं वाटतं.