टोपी काढली की कॅमेरा चालू

आता काय सांगू तुम्हाला, सख्ख्या आत्याच्या अंगणात मी हल्ली पाय ठेवत नाही आणि त्याला कारण माझी टोपी! हसू नका. आधी ऐका.

मला खऱ्या फिल्मवर लघुपट काढायचा होता. मोबाइलवर काय, कोणीही काढतं! पण नवी फिल्म परवडते कोणाला? मग एका जाहिरातीच्या शूटिंगमधून उरलेला तुकडा मिळवला. जेमतेम चार मिनिटं चालेल एवढा. तो खराब होऊ नये म्हणून आमच्या फ्रिजमध्ये कोलंबीच्या डब्याशेजारी मुक्कामाला होता.

नटही परवडत नव्हते, म्हणून खराखुरा निरोपच टिपायचं ठरवलं. आत्याचा सुहास मस्कतला नोकरीला निघाला होता. रेवसच्या धक्क्यावरून लाँचने मुंबईला आणि तिथून विमानाने.

आत्याला विचारलं, तर म्हणाली, "घे बाबा. पोराला माझी आठवण आली, तर बघंल तरी."

पुढची काटकसर ऐका. "ॲक्शन" म्हटलं की नवखा माणूस ताठतो आणि फिल्म फुकट जाते. म्हणून कॅमेरा धरणाऱ्या प्रमोदला, माझ्या मित्राला, बजावलं, "मी ॲक्शन ॲक्शन कितीही ओरडलो तरी कॅमेरा चालवायचा नाही. टोपी काढली की चालू, घातली की बंद. आणि मधे मला विचारायला यायचं नाही!"

काय अक्कल! माझी मीच पाठ थोपटली.

धक्क्यावर झालंही तसंच. माझ्या ॲक्शनला आत्या आधार कार्डावरच्या फोटोसारखी उभी. मग लाँच लागली आणि ती सगळं विसरली. सुहासचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "जेवत जा रं वेळेवर." आणि तिला रडूच फुटलं. मीही रडलो. वारा असा सुटला होता, की टोपी डोक्यावर घट्ट दाबून धरून रडलो!

आलं ना लक्षात? माझ्या नाही आलं.

लाँच गेली. आत्या डोळे पुसत रिक्षात जाऊन बसली. बघतो तर ती उभी होती त्याच पायरीवर सुहासचा लाडवांचा डबा राहिलेला. तिला सांगावं तर बिचारी पुन्हा रडेल, म्हणून… जाऊ दे, खरं सांगतो. भूक लागली होती. टोपी काढली, घाम पुसला आणि तिथंच बसलो.

संध्याकाळी सुहासचा फोन. "दादा, डबा सापडत नाही."

मी छातीठोकपणे म्हणालो, "लाँचवर उचलला असणार कुणीतरी. लोकांना लाज म्हणून राहिली नाही!"

फिल्म धुऊन, पेनड्राइव्हवर उतरवून आली, ती मी न बघताच आत्याकडे नेली. आत्याने अख्खी आळी जमवली. सुहास मस्कतहून व्हिडिओ कॉलवर. आत्या नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली.

टीव्हीवर पायरी. पायरीवर मी. टक्कल उन्हात चकाकतंय. एक लाडू. दुसरा लाडू. मग बोटं चाटणं. चार मिनिटांत एक इंचही फिल्म वाया गेली नव्हती.

मी प्रमोदकडे पाहिलं. तो म्हणाला, "टोपी काढली होतीस ना तू!"

आत्या पुढे वाकली. ती त्या पायरीवर आपल्या पोराला शोधत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथून हळूच सटकणार, तेवढ्यात फोनमधून सुहासचा आवाज आला,

"दादा, बेसनाचे होते की रव्याचे?"