नंदनवनचा संशयी ग्रुप

दर रविवारी डोंगर चढणाऱ्यांकडे फोटो साठतात म्हणे. आमच्याकडे संशय साठले. आम्ही चौघं: रिटायर्ड बोरकर काका, शाळेतल्या शीला मॅडम, प्रमोद आणि वाडीच्या गोडाऊनमध्ये आठवडाभर डिझेलचा धूर खाणारा मी. काका आमचे लीडर.

• • •

काकांनी शोधलेल्या एका तलावाचा रील कोणीतरी टाकला. पुढच्या रविवारी तिथे डीजे. काका दिवसभर चिप्सची पाकिटं गोळा करत फिरले. तेव्हापासून नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीतून निघताना सगळ्यांचे फोन पिशवीत जमा. काकांचा तेवढा चालू, इमर्जन्सीसाठी. जागा कोणती, ते गाडी शहराबाहेर पडल्यावरच कळायचं.

"आता तो दोन टप्प्यांचा धबधबाच राहिला," काका म्हणाले. "तोबी फुटला तर मी चढणं सोडलं, समजा."

• • •

एकदा कोराडीपासून एक पांढरी गाडी आमच्या मागे लागली. प्रमोद म्हणाला, "काका, पाळत ठेवून राहिले." मग आम्ही वळलो, थांबलो, उलटे फिरलो. गाडी मागेच. शेवटी एका धाब्यावर काका रागाने उतरले. त्या गाडीतून एक घामेजलेले गृहस्थ आले.

"भाऊ, देवळाचा रस्ता तुमालेबी माहीत नाही काय? आमी तुमच्या भरोशावर येऊन राहिलो ना."

• • •

हिवाळ्यात एका अरुंद दरीत उतरलो. दोन्हीकडे उंच कडे, खाली नदी. फार सुंदर जागा. तेवढ्यात मॅडमना खडकावर संत्र्याची ताजी सालं दिसली.

"ओली आहेत," मॅडम तपासून म्हणाल्या. "नागपूरचाच माणूस आहे."

काकांचा चेहरा उतरला. आम्ही दबक्या पावलांनी सालांच्या मागावर निघालो. वळणापलीकडे, आमच्या आधीच पुढे गेलेला प्रमोद बसला होता, तोंडात दोन फोडी.

"मी नागपूरचाच हाव ना," तो म्हणाला.

• • •

मग खरंच फुटलं. एका पानठेल्यावर काकांनी दोन बायांना आपसात त्याच दोन टप्प्यांच्या धबधब्याबद्दल बोलताना ऐकलं. प्रमोदला रस्ते लक्षात राहत नाहीत, मॅडमवर कोण संशय घेणार? उरलो मी.

"तुले ग्रुपमधून काढावं लागन गा," काका म्हणाले. मला फार लागलं. रविवार गेला तर माझ्याकडे उरतं काय?

सफाई द्यायला त्यांच्या घरी गेलो. काका बाजारात गेले होते. दार काकूंनी उघडलं आणि चहा ठेवायच्या आधीच उलटतपासणी सुरू केली.

"खरं सांग, हे रविवारी जाते कुठं? धबधबा म्हणते. मंग एकबी फोटो काहून नाही?"

"काकू, फोटो काढायची बंदी आहे."

"कोणी केली?"

"काकांनी."

"असं काय," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

• • •

शेवटची संधी म्हणून काकांनी मला पुढच्या रविवारी नेलं, त्याच धबधब्यावर. वर पोचायच्या आधीच हसण्याचे आवाज आले. रंगीत छत्र्या, डबे, खडकांवर वाळत घातलेल्या ओढण्या. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दुःखी नजरेने की न केलेला गुन्हा कबूल करावासा वाटला.

पाण्यात पाय सोडून मधोमध काकू बसल्या होत्या.

"तू इथं कशी?" काकांनी विचारलं.

"तुमच्याच लोकेशनवर. मी पोचलो, काळजी करू नको, म्हणून दर वेळी पाठवता ना? मागच्या वेळी इथून पाठवलेलं मी भिशीच्या ग्रुपवर टाकलं. म्हटलं, इथं कोणाले धबधबा दिसते काय?"

काकूंनी एकदा शीला मॅडमना नीट न्याहाळलं. मग मान वर करून दोन्ही टप्पे पाहिले.

"धबधबा तं खराच हाय वं," त्या मैत्रिणींना म्हणाल्या.

मागच्या खडकावरून भिशीतल्या एकीचा हिरमुसला आवाज आला, "मंग आता आपण काय करायचं?"