पाइपातला बाप

ठोक्याचं खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही जरा थांबावं लागे. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणं हे त्याचं काम, आणि धड असलेली माणसं चेपणं ही त्याची सवय. गिऱ्हाईक "जरा हलक्या हातानं हं, मामा" म्हणालं, की हा हातोडा खाली ठेवायचा आणि हलक्या हातानं गिऱ्हाइकाची गचांडी धरायचा. शेजाऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला नाही, तेव्हा ह्यानं त्याचं दार बिजागऱ्यांसकट उपसून त्याच्याच हातात दिलं. "घे! आता सगळ्या जिन्याला ऐकव!" एका मालकाचं नाक वाकडं करून ठेवलं होतं, आणि नाक काही ठोकून सरळ होत नाही. ती नोकरी गेली.

बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस. किंकाळ्या ऐकतच तिचा दिवस जाई, त्यामुळे ती कुणाला घाबरत नसे. नोकरी गेली त्या दिवशी तिनं काचेची टाकी आणून पुढच्या खोलीत ठेवली.

"डोकं फिरलं की हिच्यासमोर बसायचं. आणि ज्या दिवशी ह्या घरात कुणावर हात उचललास, त्या दिवशी टाकी परत दुकानात. मासे, मोटर, सगळं."

"मासे बघून राग जातो होय?"

"नाही गेला तर टाकी जाईल."

दुकानातले झुळझुळीत रंगीत मासे त्याला पसंत पडेनात. "हे काय, शिंकलो तरी मरतील." त्यानं निवडला तो कवचवाला कॅटफिश. अंगभर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, नाकावर फक्त नरालाच येणारे दाढीसारखे फुटवे, आणि गालांत लपवलेले बारीक आकडे. चिडला की आकडे बाहेर. "हा आपल्यातला," ठोक्या म्हणाला.

माशानं तळातला मातीचा पाइप बळकावला. मादी आणली, तर आधी तिला चांगली झोडपली, मग आत घेतली. थोड्या दिवसांनी पाइपात नारिंगी अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला. मादीला त्यानं असं हाकललं, की ती दुकानात परत द्यावी लागली; मग नर स्वतः अंड्यांवर पंख हलवत बसला. खाणं नाही, बाहेर येणं नाही. ठोक्या पाण्याखालच्या त्या पाइपासमोर गुडघे टेकून बसायचा. "बाप बसलाय," बायकोला कुजबुजत सांगायचा. हा माणूस, कुजबुजत! नव्या गॅरेजात तर त्यानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "पिल्लं निघेपर्यंत माझ्या नादाला लागू नका. मला भांडायची सोय नाही."

अशात सुट्टीच्या दिवशी मेहुणा आला. विमा एजंट. साधं पाणी मागतानाही योजना समजावल्यासारखं बोलणारा. ठोक्या आंघोळीला गेला होता. तो बाहेर येतो तर मेहुण्याच्या हातात रिकामी, गळकी पिशवी.

"सरप्राइज, दाजी! लॉजिक बघा, एकदम सिंपल. एक मासा म्हणजे रिस्क. दोन मासे म्हणजे कव्हर!"

"नर का मादी?"

"दाढीवाला आहे. रुबाबदार बघूनच घेतला!"

ठोक्याच्या अंगावरचं पाणी थंड पडलं. नवा नर सरळ पाइपात घुसला होता. आतून खरखर ऐकू आली. दोघं एकमेकांत अडकूनच बाहेर पडले, डोक्याला शेपूट लावून गरगरत, गालांचे आकडे ताणून. बापाचा एक पर फाटून लोंबला. चिलखताखालून पांढरं मांस दिसलं. दोन अंडी घरंगळत वाळूवर आली.

ठोक्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि दोघांना मुठीत धरलं. बापाचे आकडे त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात रुतले. रक्ताचा दोरा पाण्यात वर चढला.

"जाळी घालतो, दाजी!"

"जाळी नको! अडकतील रे...!"

पण घातलीच. आता हात, दोन मासे आणि जाळी, सगळ्याचं एक बोचकं झालं. हे मासे पाळणाऱ्यालाच ठाऊक असतं, की ओढलं तर फाटतं. आकडे मिटतात ते मासा शांत झाल्यावर, आणि मासा शांत होतो तो हात शांत झाल्यावर. ठोक्यानं दात खाल्ले आणि मूठ सैल सोडली. जन्मात पहिल्यांदा.

मेहुण्याचं चालूच. "हे काय पॅनिक होण्यासारखं नाही हं. प्रत्येक प्रॉब्लेमला प्लॅन असतो."

नवा नर जाळीतून सुटला, दगडामागे दडला. बापाची एक बाजू मिटली. दुसरी मिटत आली होती. तेवढ्यात मेहुण्यानं खिडकीतली पक्कड उचलली.

"काटाच तोडू या ना! नखं काढतो तसं!" आणि त्यानं पक्कड पाण्यात घालून काट्याऐवजी बापाच्या परावरच दाबली.

ठोक्याचा डावा हात मोकळा होता.

पहिल्या गुद्द्याला मेहुणा चपलांच्या रॅकवर गेला. उठला, तर दुसरा. दात फरशीवर टणटणत कोपऱ्यात गेला. तिसऱ्याला भिंतीवर लाल पंजा उमटला. आणि एवढं सगळं होताना उजवा हात पाण्यात तसाच, झोपल्यासारखा सैल. त्यातून बाप अलगद सुटला, लंगडत पाइपात शिरला आणि उरलेल्या अंड्यांवर उरलेला पर हलवू लागला.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिनं आधी दात शोधला, वरच्या टोकाला धरून दुधाच्या पेल्यात टाकला.

"ताई, ह्यानं मला..."

"तोंड मीट. बसवता येतो तो."

मग तिनं माशांच्या दुकानात फोन लावला. "टाकी घेऊन जा." पलीकडून दुकानदार ओरडला, "आत्ता हलवू नका वहिनी, बाप अंडी खाऊन टाकेल!" तिनं फोन ठेवला.

"टाकी हलत नाही."

ठोक्यानं श्वास सोडला.

"तू हल. गॅरेजात झोपायचं. पिल्लं मोठी झाली की टाकी जाईल. तुझं काय करायचं, ते नंतर बघते."

"मग त्या दुसऱ्याला आज वेगळा काढशील? डब्यात घे, जाळी नको..."

"काढते. डॉक्टरांना दवाखाना उघडायला सांगते; तुझ्या वाटेवरच आहे, ह्याला सोडून जा." तिनं पेला त्याच्या भोकं पडलेल्या हातात दिला. "आणि सांडू नकोस."

दोघं जिना उतरले. पुढे पेला धरून ठोक्या, पावलं मोजून टाकत. मागे तोंडात बोळा कोंबलेला मेहुणा, कठड्याला घासत, डावा हात टाळून, त्याच्या उजव्या बाजूनं.