राजाचा हौद

माझे वडील, आबा, टीव्हीवर दिसणार, हे मी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. लग्न होऊन मी चिकलठाण्याला आले होते. नवरा कंपनीत कामाला. आजूबाजूला रोज नवी घरं उठत होती आणि नळ कोरडे होते. गल्लीत टँकर आला की बायका हातातलं काम टाकून धावायच्या. त्या बायकांत मी नवी, त्यातून मेंढपाळाची पोर. माझं माहेर कसलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच. म्हणून आबा राजा झाले ही गोष्ट मला जपून ठेवता आली नाही.

झालं असं, की दुष्काळामुळं आबांनी त्या साली कन्नड तालुक्यातून मेंढरं हाकत देवगिरीच्या पायथ्याला आणली होती. तिथल्या एका गावाच्या रानात मेंढ्या बसवायच्या, शेताला खत मिळायचं आणि आबांना चारा-दाणा. तिथंच किल्ल्याच्या जुन्या राजावर माहितीपट काढणारी मंडळी आली. आबांचं सरळ नाक, पांढऱ्या मिशा पाहून त्यांनी विचारलं, राजा व्हाल का? आबा झाले.

कार्यक्रमाच्या दिवशी आबा यायला तयार नव्हते. मीच नवऱ्याला पाठवून त्यांना आणवलं. शेजारणी, त्यांची मुलं, समोरच्या आजी, सगळी आमच्या पुढच्या खोलीत दाटीनं बसली. मी पेढे वाटले. आबा दाराशी पाय आखडून बसले.

पडद्यावर राजा आला. रेशमी अंगरखा, गळ्यात मोत्यांच्या माळा, पण चाल आमच्या आबांचीच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग काठोकाठ भरलेला दगडी हौद दिसला. राजा पायरीवर बसला, ओंजळीनं पाणी घेऊन तोंडावर मारलं, उरलेलं सांडून दिलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सांडलं. पाणी असं निळंशार, की समोरच्या आजी म्हणाल्या, "अगं माय, केवढं पाणी!"

मागं वळून पाहिलं तर आबा जागेवर नव्हते.

ते बाहेर ओट्याच्या कडेला बसले होते. मी म्हटलं, "आबा, अहो सगळे तुम्हालाच बघायला आलेत. आत चला."

"नगं मला त्यो हौद दावू."

"का? काय झालं?"

ते उंबऱ्याकडं पाठ करून बसले. मग म्हणाले, "ते पानी टँकरचं व्हतं. गावातल्या बाया हंडे घिऊन कडंला उभ्या व्हत्या. म्या त्या साहेबाला इचारलं, तर म्हनला, काम झालं की हौद तुमचाच. म्हून म्याच बायांना सांगितलं, थांबा जरा, शूटिंग झालं की पानी तुमचंच हाय. माज्या शब्दावर थांबल्या त्या उन्हात."

"मग?"

"मग पानी गढूळ दिसतंय म्हनून त्यांनी निळा रंग वतला. मेंढरांनी तोंड लावलं नाय, मान्सं काय पितील? आन् म्या तिथं मोत्याच्या माळा घालून बसलेलो. उठून नगं म्हनायचं, तर त्ये बी सुचलं नाय."

आत पुन्हा टाळ्या वाजल्या. माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. ते कुठं ठेवावं मला कळेना. मघाशी ज्या बायकांच्या हातावर मी पेढा ठेवला होता, त्यांच्याबरोबर सकाळी मीच एका हंड्यासाठी रेटारेटी केली होती.

पाहुणे गेल्यावर मी आबांना म्हटलं, "त्या बायांना भेटून आलात का?"

"कोन्त्या तोंडानं भेटू?"

"मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं त्या गावाला गेलो. ज्या शेतात आबांच्या मेंढ्या बसत, त्या शेताच्या मालकिणीनं आम्हाला लांबूनच पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच अवघड झालं. आबांनी उभ्या उभ्याच पटका काढून हातात घेतला.

"बाई, माजं चुकलं. म्या थांबा म्हनलो तुमाला."

"बसा, मामा," ती म्हणाली आणि आत गेली. तांब्या भरून आणला, आधी आबांपुढं धरला. आबांचा हात पुढं होईना.

"घ्या की. उन्हातून आलाय."

आबांनी घोटभर घेतलं आणि तांब्या माझ्याकडं दिला. मला तर तो ओठाला लावणंही जड गेलं. ती समोर उभीच होती.

"रागवायचं काय, मामा, तुमी काय मुद्दाम केलं व्हय?" ती म्हणाली. "पर आमच्या बाया दिसभर ताटकळल्या. गडीमान्सं आजून बोलत्यात. पुढच्या साली मेंढरं दुसरीकडं बसवा."

आबा "व्हय" म्हणाले. त्यांनी पटका पुन्हा डोक्याला बांधला आणि आम्ही निघालो. फाट्यापर्यंत ते माझ्या पुढं पुढं चालत राहिले. मीही त्यांना गाठायचा प्रयत्न केला नाही.