पाच झाले की सांग

मिलिंदच्या घरून फोन आला तेव्हा मी ठाण्यात, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रॅक्टिकलची परीक्षा घेत होतो. खिशात फोन थरथरला, पडद्यावर मिलिंदचं नाव दिसलं, म्हणून मी तो कट केला. परीक्षा आटपली की निवांत बोलू, असं मनात म्हटलं. लगेच पुन्हा आला, पुन्हा कट केला. त्यानंतरचा घेतला तो व्हरांड्यात जाऊन, आणि नेहमीसारखं म्हणालो, "बोल रे, काय पेटलंय?" पलीकडे संगीतावहिनी होत्या. "भाऊजी, हे उठत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "पेपर वाचता वाचता डोळा लागला असेल म्हणून मी हाक नाही मारली. चहा तसाच आहे…" त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि त्या साधेपणाचीच मला भीती वाटली. मी डोंबिवलीला पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. खुर्चीच्या हातावर पेपर घडी करून ठेवलेला होता. शोकेसवरची, त्याने बनवलेली कण टिपणारी पेटी मात्र चालूच होती. टक्… टक्, टक्… मग बराच वेळ काही नाही… टक्.

त्याला आता दोन महिने होत आले. मी भित्रा माणूस नाही असं मला पन्नाशी ओलांडेपर्यंत वाटत होतं. आता आंघोळ करताना भीती वाटते, वर्गात फळ्याकडे वळलो की वाटते, माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षाची वाट बघताना वाटते. ही भीती नुसत्या मरणाची नाही. ती कशाची आहे हे सांगायचं तर मिलिंद काय काम करत होता ते आधी सांगायला हवं.

आमची ओळख कल्याणच्या कॉलेजात, पहिल्या वर्षाला झाली. तो मोहन्याचा. वडील रेयॉनच्या कारखान्यात होते, घर चाळीत, विहाराला लागून. मी डोंबिवलीजवळच्या मानपाड्याचा, आगरी, घरची शेती तेव्हा थोडी उरलेली. त्याच्याकडे पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा त्याच्या आईने ताट पुढे केलं आणि हात मागे घेत हळूच विचारलं, "चालेल ना रे तुला आमच्यातलं?" मिलिंद मोठ्याने हसला. "आई, तो म्हात्रे आहे. सुकट दिसली की तो कुणाच्याही घरात घुसतो." त्या दिवसापासून त्या घरात माझ्यासाठी सुकट वेगळी काढून ठेवली जायची. पुढे आम्ही दोघंही मूलकणांच्या अभ्यासात शिरलो, एकाच संस्थेत. मी नंतर शिकवायला लागलो, पण एका मोठ्या प्रयोगाच्या गटाशी नातं ठेवून होतो. तो पूर्णवेळ त्यातच राहिला.

तो प्रयोग फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, जमिनीच्या खूप खाली, एका प्रचंड गोल बोगद्यात चालतो. प्रोटॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने दोन्ही दिशांनी फिरवून एकमेकांवर आदळवायचे आणि त्या टकरीतून काय उडतं ते पाहायचं. टकरी इतक्या होतात की सगळ्यांची नोंद ठेवणं जगातल्या कुठल्याही यंत्राला शक्य नाही. त्यामुळे डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी ठरवावं लागतं, ही टक्कर ठेवायची की टाकायची. हे ठरवणाऱ्या यंत्रणेला ट्रिगर म्हणतात, आणि मिलिंदने उमेदीची सगळी वर्षं त्या ट्रिगरमध्ये घातली. जी टक्कर टाकली ती गेली. तिच्यात काय होतं हे नंतर कुणालाही, कधीही कळत नाही.

याची त्याला खरोखरची भीती वाटायची. आम्ही विश्लेषणवाले मजेत असायचो, आमच्यासमोर जे राखून ठेवलेलं यायचं तेवढंच आमचं जग. तो मात्र एकदा डोंबिवलीच्या फडके रोडवर भेळ खाता खाता थांबला आणि म्हणाला, "म्हात्रे, आपण टाकलेल्यात ते असलं तर रे?" "काय ते?" "तेच ना. काय ते, हेच कळणार नाही." मग कागदाच्या पुडीकडे बघत राहिला. म्हणून त्याचा नियम ठरलेला होता, आणि नव्या येणाऱ्या प्रत्येक पोराला तो दम दिल्यासारखा ऐकवायचा. शंका आली तर ठेवून घ्यायचं. ठेवलेलं फालतू निघालं तर नंतर टाकता येतं, टाकलेलं परत आणता येत नाही.

आमचा, विश्लेषणवाल्यांचा, नियम याच्या बरोबर उलटा. नव्या कणाची खूण दिसली की आनंदाने नाचायचं नाही. आधी संशय घ्यायचा. ही खूण निव्वळ योगायोगाने उमटली नसेल कशावरून? ती किती पक्की आहे हे आम्ही सिग्मा नावाच्या मापात सांगतो. दोन म्हणजे काहीच नाही. तीन आले तरी आम्ही फक्त भुवई उंचावतो, कारण तीनच्या कितीतरी खुणा आणखी माहिती जमा झाल्यावर धुक्यासारख्या विरून गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. पाच झाले की मगच शोध लागला म्हणायचं. या धीराचा मला फार अभिमान होता.

शोकेसवरची ती पेटी त्याने माझ्या आईसाठी बनवली होती. तो मोठा बोगदा पहिल्यांदा सुरू व्हायचा होता त्या दिवसांत टीव्हीवर सारखं दाखवत होते, की तिथे कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळून टाकणार. आई हादरली होती. मिलिंद मानपाड्याला आला तसं तिने त्याला धरलं. "काय रं, तुमी दोगं तिकरं जमिनीखाली काय करताव? पोराबाळांचा तरी इचार करा!" त्याने तिला समजावलं, की काकी, अशा टकरी तर रोज तुमच्या डोक्यावर आभाळात होतात, त्यातून उडालेले कण आत्ता आपल्या अंगातून आरपार चाललेत, आणि आपल्याला काही होत नाही. आईला ते पटेना. मग पुढच्या रविवारी तो ही पेटी घेऊन आला. आत काळ्या टेपने गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या. आभाळातून आलेला कण दोन्हींतून आरपार गेला की त्या किंचित चमकतात, आणि पेटीतला छोटा स्पीकर टक् करतो. आई तासभर पदर तोंडाला लावून ऐकत बसली. मध्येच बराच वेळ आवाज आला नाही तेव्हा घाबरून म्हणाली, "बंद परली का रं?" "नाही काकी. कणांना वेळापत्रक नसतं. कधी तीन एकदम येतील, कधी कुणीच नाही. शांत झालं म्हणून घाबरायचं नाही." आईची भीती गेली. पेटी मात्र तिने घरात ठेवू दिली नाही, "देवाचं लक्ष जातं तिकरं" म्हणाली. तेव्हापासून ती मिलिंदच्या शोकेसवर, बुद्धमूर्तीच्या शेजारी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. मिलिंद ती पेटी घेऊन आला, सोबत शिशाची एक वीट. कण शिशातूनही आरपार जातात हे मुलांना दाखवायची त्याला हौस. लिफ्टला गर्दी होती म्हणून आम्ही जिन्याने निघालो. पेटी माझ्याकडे, वीट त्याच्याकडे. मध्येच तो थांबला, वीट पायरीवर ठेवली आणि कठडा धरला. कपाळावर घाम होता. "काय रे?" "काही नाही. जबडा दुखतोय. इथे, डावीकडे." "वीट हाताने उचलतात, दाताने नाही," मी म्हणालो. तो हसला. थोड्या वेळाने दुखणं थांबलं. मी विचारलं, "किती सिग्मा?" तो म्हणाला, "दीड. फार तर दोन." आणि आम्ही वर गेलो. त्या दिवशी तो मुलांसमोर फार सुरेख बोलला.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "अरे, ते परत झालं. भाजी घेऊन येताना. आता अडीच धर." मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मी म्हणालो, "पाच झाले की सांग."

हे वाक्य माझं आहे. मी मूर्ख नव्हतो. जबड्यात दुखणं हृदयाचंही असू शकतं हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. पण तीस वर्षं ज्या रीतीने मी विचार करत आलो तीच रीत मी मित्राच्या शरीराला लावली, आणि त्यानेही लावून घेतली. कणाचा शोध चुकीचा जाहीर झाला तर नामुष्की होते, म्हणून तिथे थांबायचं असतं. इथे चूक झाली असती तर एक सकाळ आणि एक कार्डिओग्राम वाया गेला असता. शंका आली तर ठेवून घ्यायचं, हा नियम ज्याने जन्मभर इतरांना शिकवला त्याच्यावर आम्ही दोघांनी मिळून माझा नियम चालवला… हे मला त्याच्या अंत्ययात्रेत, विहारासमोर उभं असताना लख्ख दिसलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती, मी जिना चढत होतो, आणि माझा जबडा दुखला. डावीकडे.

मी कुणाला बोललो नाही. शुभदाला, म्हणजे बायकोलाही नाही. दुःखाने असं होतं, मनाचे खेळ आहेत, मित्राचं दुखणं माणूस आपल्या अंगावर ओढून घेतो, अशी उत्तरं मी स्वतःला देत राहिलो. दवाखान्याच्या पाटीखाली जाऊन परत फिरलो. काही निघालं तर, ही एक भीती. काहीच निघालं नाही तर मी मिलिंदच्या मरणाची नक्कल करत होतो असं ठरेल, ही दुसरी, आणि तिची लाज जास्त. नाडीवर बोट ठेवायची सवय लागली. दोन ठोक्यांमध्ये जरा अंतर पडलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचो.

मागच्या रविवारी वहिनींकडे गेलेलो. त्यांची मुलगी कामावर परत गेली होती, त्या एकट्याच होत्या. पेटी चालू होती. मी विचारलं, "बंद नाही केली?" "बंद केली तर घर खायला उठतं," त्या म्हणाल्या. त्यांनी पोहे केले होते. मी मिलिंदच्या खुर्चीवर बसलो नाही, सोफ्यावर बसलो. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मला राहवेना. मी जिन्याचं सांगितलं, फोनचं सांगितलं, ते वाक्य सांगितलं. मान खाली घालूनच सांगितलं.

"माहितीये मला," वहिनी म्हणाल्या. "हसत हसत सांगायचे ना. म्हात्रे म्हणतो, पाच झाले की सांग."

मी वर पाहिलं.

"मीही हसले, भाऊजी. मला काय ठाऊक तुमचे पाच म्हणजे काय. मला वाटलं, पाच वेळा दुखायला लागतं. म्हटलं, अजून बाकी आहेत." त्यांनी पोह्यांची ताटली माझ्याजवळ सरकवली. "तुम्ही दोघं एवढे शिकलेले. मला वाटलं, काहीतरी हिशोब असेल त्यात."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पेटी टक् टक् करत होती, आणि मग थांबली. थांबण्यात काही नसतं, हे मला माहीत आहे. शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. तरी मी श्वास धरून बसलो. शांतता लांबत चालली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला, आणि शोकेसवर काही नाही. जबडा आवळल्यासारखा वाटला. तो खरंच दुखत होता की मी नुसते दात दाबून धरले होते, मला सांगता येणार नाही. दीडसुद्धा नव्हता कदाचित.

"वहिनी," मी म्हणालो, "माझाही जबडा दुखतो. जिना चढताना. बरेच दिवस झाले."

कधीपासून, किती वेळा, काही विचारलं नाही त्यांनी. हातातला चमचा खाली ठेवला. "शुभदाला माहितीये?" मी नाही म्हणालो. "द्या नंबर लावून," म्हणत त्यांनी माझाच फोन माझ्यापुढे धरला. शुभदाशी त्या जेमतेम चार वाक्यं बोलल्या. मग पर्स घेतली आणि चपला घातल्या. मी म्हणालो, "अहो, काही नसेलही." "नसेल तर परत येऊन पोहे खाऊ," त्या म्हणाल्या. "चला. आणि जिन्याने नाही हां, लिफ्ट येईपर्यंत उभे राहा गुपचूप."

मानपाडा रोडवरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम पाहिला, मला झोपवूनच ठेवलं आणि पुढच्या तपासण्या सांगितल्या. त्यातली मोठी येत्या आठवड्यात आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा तिचा निकाल मला कळलेला असेल, लिहिताना कळलेला नाही, आणि मी घाबरलेला आहे. शुभदा दर तासाला तोंडाकडे बघून जाते. तिच्यापासून आता काही लपवत नाही, एवढंच काय ते मिळवलं.

त्या दिवशी वहिनी दाराला कुलूप लावत होत्या तेव्हाचं मात्र पुन्हा पुन्हा आठवतं. लिफ्ट खालून हळूहळू येत होती. घरात कुणी नव्हतं, रिकामी खुर्ची होती, झाकण न घातलेले पोहे होते. वहिनींनी किल्ली फिरवली आणि हात तसाच ठेवून थांबल्या, कारण बंद दाराआडून, इतक्या वेळाने, आवाज आला होता. टक्. आणि लगेच, घाईघाईने, टक्, टक्.